दिव्याचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञ

हाताने घडविलेल्या वस्तूंनी घर सजविण्याची आवड शहरांत आता चांगलीच रुजली आहे. मातीची सुरई, बांबूचा दिवा, कोशाचा पडदा, हातकागदाची वही अशा वस्तूंसाठी नागपूरच्या हस्तकला प्रदर्शनांत गर्दी होते. या वस्तूंचे देखणेपण डोळ्यांना लगेच जाणवते. परंतु ती वस्तू कोणी घडविली, कशापासून घडविली, तिच्या मोबदल्यात त्याला काय मिळाले आणि आपण मोजलेला रुपया अखेर कोणाच्या घरी पोहोचला, हे प्रश्न खरेदीच्या वेळी सहसा मनात येत नाहीत. हेच प्रश्न नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात बसून एका माणसाने आयुष्यभर विचारले. तो चित्रकार नव्हता, कारागीरही नव्हता. तो हिशेबतपासनीस होता आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे तो ताळेबंदासारखा पाहत असे. त्याचे नाव जे. सी. कुमारप्पा.

गांधीवादी अर्थशास्त्राचे भाष्यकार म्हणून कुमारप्पा अभ्यासकांना परिचित आहेत. पण त्यांच्या अर्थशास्त्राची सुरुवात ग्रंथालयात न होता दिवा, चटई, रांजण, कागद आणि तेलाची घाणी यांच्यापासून होते, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. विदर्भाच्या दृष्टीने तर ती अधिकच महत्त्वाची आहे. कारण त्यांच्या कार्याचा सर्वात फलदायी काळ याच मातीत गेला.

जोसेफ चेल्लादुरै कॉर्नेलियस हे त्यांचे मूळ नाव. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित तमीळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घरात शिस्त, टापटीप आणि पाश्चात्त्य रीतिरिवाज यांचे वातावरण होते. जोसेफ लंडनला गेले, तेथे हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन त्या व्यवसायात स्थिरावले आणि पहिले महायुद्ध संपल्यावर आईच्या आग्रहाखातर १९१९ मध्ये भारतात परतले. मुंबईत त्यांनी स्वतःची पेढी काढली. उत्तम शिवलेला सूट, हातात काठी, बोलण्यात नेमकेपणा आणि वेळेच्या बाबतीत कमालीची काटेकोर वृत्ती अशी त्यांची त्या काळातील ओळख होती. हातमागाच्या कापडाशी किंवा खेड्यातल्या कुंभाराशी त्यांचा काही संबंध येण्याचे कारणच नव्हते.

कलाटणी मिळाली ती अमेरिकेत. १९२७ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी तिकडे गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. भारत दरिद्री का आहे, या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये दिलेल्या व्याख्यानाची बातमी वृत्तपत्रात आली. ती वाचून त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक सेलिगमन यांनी त्यांना याच प्रश्नाचा सार्वजनिक राजस्वाच्या अंगाने अभ्यास करण्यास सुचविले. ब्रिटिश राजवटीचे जमाखर्च तपासता तपासता या हिशेबनिसाची खात्री पटली, की हिंदुस्थानचे दारिद्र्य हे दैवी नाही. ते नोंदींमधून दाखविता येते. साम्राज्याविषयीचा त्यांचा आदर तिथेच ओसरला. पुढे त्यांनी आणि त्यांचे बंधू भारतन यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव धारण केले.

१९२९ मध्ये भारतात परतल्यावर आपला प्रबंध दाखविण्यासाठी ते साबरमती आश्रमात गेले. त्या भेटीची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांना अतिथिगृहात नेण्यात आले, तेव्हा तिथे एका खाटेखेरीज काहीही सामान नव्हते. खुर्ची नाही, टेबल नाही, आरसा नाही. अशा खोलीत आपल्याला राहता येणार नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. भेटीच्या वेळेआधी ते साबरमतीच्या काठाने फिरत असताना एक वृद्ध गृहस्थ शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातताना दिसले. ठरलेली वेळ होताच त्या गृहस्थांनी त्यांचे नाव विचारले आणि समोर खुद्द गांधीजीच आहेत, हे कुमारप्पांच्या ध्यानात आले. अंगावरच्या उंची सुटाची पर्वा न करता ते त्याच सारवलेल्या जमिनीवर बसले. आतून कोणी तरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. ती त्यांनी नाकारली.

गांधीजींनी तो प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि कुमारप्पांवर खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम सोपविले. त्यासाठी ते गुजरात विद्यापीठात काका कालेलकरांना भेटले. पण गुजरातीचा गंध नसलेला हा साहेबी थाटाचा तरुण खेड्यात काय पाहणी करणार, अशी शंका कालेलकरांना आली. अखेर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कुमारप्पांनी ५० हून अधिक गावे पालथी घातली. शेतकऱ्याच्या घरात काय येते, काय जाते आणि काय उरते, याची घरटी नोंद घेणारी ती पाहणी होती. आकडे गोळा करण्यासाठी आलेला हा माणूस घराघरांतून फिरला आणि त्या घरांतल्या वस्तू त्याने प्रथमच जवळून पाहिल्या. सूट गेला, खादी आली.

पुढे सत्याग्रहाच्या काळात त्यांनी ‘यंग इंडिया’ची जबाबदारी सांभाळली, तुरुंगवास भोगला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजींच्या सोबत आलेल्या मंडळींच्या जेवणाचा खर्च या निधीतून देता येणार नाही, असे त्यांनी तेव्हा निक्षून सांगितले. पैसा कोणाचा आणि कोणासाठी, या प्रश्नाला त्यांच्या लेखी व्यक्तीचा अपवाद नव्हता. हाच प्रश्न त्यांनी लवकरच घरगुती वस्तूंना लावला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाचे ठिकाण वर्धा ठरले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिच्यातील घर संघाला दिले आणि गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. अध्यक्षपदी श्रीकृष्णदास जाजू होते, तर चिटणीस आणि प्रत्यक्ष काम चालविणारे कुमारप्पा होते. आश्रमातील रिकाम्या खोलीत राहण्यास नाखूश असलेला हा माणूस आता मगनवाडीत साधेपणाने राहू लागला. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

मगनवाडीत तेलाची घाणी, हातकागद, मधमाशापालन, ताडगूळ, साबण, भातसडी असे अनेक उद्योग एकाच वेळी सुरू झाले. जुनी हत्यारे तशीच पूजेला लावण्याचा तिथे हेतू नव्हता. घाणी कमी श्रमात अधिक तेल कशी देईल, कागदाचा लगदा अधिक एकसारखा कसा होईल, यावर प्रयोग चालत. कारागिराचे कौशल्य आणि शास्त्रज्ञाची चिकित्सा यांची गाठ घालणे, हे त्या प्रयोगांचे सूत्र होते. तरुण कार्यकर्ते तिथे शिकून आपापल्या भागांत परत जात. संघाने वर्ध्याहून प्रसिद्ध केलेले के. बी. जोशी यांचे हातकागदावरील पुस्तक त्या विषयातील आधारग्रंथ ठरले.

या प्रयोगांतील सर्वात बोलकी वस्तू म्हणजे मगनदीप. त्या काळी खेड्यापाड्यांतून रॉकेलची चिमणी आणि कंदील घरोघर पोहोचले होते. उजेड चांगला पडे, तेल सहज मिळे. कुमारप्पांनी या उजेडाचा हिशेब मांडला. रॉकेल गावात तयार होत नाही. म्हणजे संध्याकाळी दिवा लागला, की रोज गावातले पैसे बाहेर जातात आणि तेल कंपन्यांच्या तिजोरीत पडतात. त्याच गावात तेलबिया पिकतात. तेल्याची घाणी मात्र बंद पडलेली असते. गावच्या तेलावर दिवा जळाला तर तेल्याला काम मिळेल, पेंड बैलाच्या गोठ्यात जाईल आणि पैसा गावातच फिरेल. अडचण होती ती तांत्रिक. बियांचे तेल दाट असते. ते रॉकेलसारखे वातीतून झरझर वर चढत नाही आणि रॉकेलसाठी केलेल्या कंदिलात नीट जळत नाही. म्हणून बियांच्या तेलावर चालेल असा कंदील मगनवाडीत तयार करण्यात आला. शोभेची समई त्यांना करायची नव्हती. गरिबाच्या घरात रोज लागणारा दिवा गावाच्या तेलावर पेटावा, एवढाच त्यामागचा उद्देश होता. वस्तूची रचना ही सौंदर्याइतकीच न्यायाची बाब आहे, हे त्या छोट्या कंदिलाने दाखवून दिले.

‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ हे त्यांचे पुस्तक १९३६ मध्ये आले. खरेदी करणारा माणूस केवळ वस्तू घेत नाही. त्या वस्तूच्या मागे घडलेल्या साऱ्या व्यवहाराची जबाबदारीही तो घेतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्यासाठी त्यांनी कोकोच्या पेल्याचे उदाहरण घेतले. आफ्रिकेच्या मळ्यातील सक्तीची मजुरी, समुद्रमार्गांवरील बळाचा वापर, कारखान्यातील पिळवणूक आणि राजसत्तेच्या जोरावर मिळविलेली जकातीची सवलत, हे सगळे त्या पेल्यात मिसळलेले असते. वस्तू जितक्या दुरून येते, तितके हे सारे ग्राहकाला दिसेनासे होते. याउलट शेजारच्या कुंभाराकडून रांजण घेतला, तर तो किती वाजता उठतो, त्याची मुले काय खातात, हे आपल्याला ठाऊक असते. जवळच्या वस्तूला प्राधान्य द्यावे, ही त्यांची शिफारस अशी नैतिक होती. त्यात गावाविषयीचा भाबडा उमाळा नव्हता.

राहणीमानाचे उच्च आणि नीच असे वर्गीकरणही त्यांना मान्य नव्हते. राहणी एक तर गुंतागुंतीची असते किंवा साधी असते, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक वस्तूंनी भरलेले घर म्हणजे उच्च राहणी नव्हे आणि मोजक्या, पण कसबाने घडविलेल्या वस्तूंचे घर म्हणजे हलकी राहणी नव्हे. साधेपणा आणि कळाहीनता यांत त्यांनी कधीही गल्लत केली नाही.

या विचाराला दृश्यरूप देणारे दोन प्रयोग महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे झाले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्या कल्पकतेने तिथे बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या सामग्रीतून सारे नगर उभे राहिले. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शन हे त्या अधिवेशनाचे मोठे आकर्षण होते. दुसरा प्रयोग वर्ध्याजवळच्या शेगावचा, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामचा. तिथे गांधीजींसाठी माती, बांबू, लाकूड आणि कौले यांतून घरे उभारली गेली. बापू कुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबेन यांनी उठावात घडविलेली ताडाची झाडे आणि चरखा आजही पाहता येतात. भिंतीची माती आणि भिंतीवरची कला यांत तिथे अंतर उरलेले नाही.

कुमारप्पांचा नागपूरशी थेट संबंध आला तो १९३७ नंतर. मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि प्रांताच्या औद्योगिक पाहणीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नागपूर ही प्रांताची राजधानी होती. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे हे शहर कापडाच्या मोठ्या उद्योगाचे केंद्र बनले होते. त्याच शहरात पिढ्यान् पिढ्या हातमाग चालविणारी कोष्टी कुटुंबे गिरणीच्या सावलीत तग धरून होती. औद्योगिक पाहणी म्हटली की गिरण्या, खाणी आणि रेल्वे यांचा विचार व्हायचा, असा तेव्हाचा प्रघात. कुमारप्पांच्या समितीने मात्र ६०६ खेड्यांची पाहणी केली. प्रांताचा उद्योग म्हणजे केवळ धुराडी नव्हेत. भंडाऱ्याचा पितळकाम करणारा, कोसा विणणारा, बुरुड, कुंभार, तेली आणि चांभार हेही या प्रांताचे उद्योजक आहेत, हा दृष्टिकोन त्या आखणीतच होता. १९३९ मध्ये समितीचा अहवाल नागपूरच्या सरकारी मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला.

कारागिराची अडचण केवळ बाजाराची नसून कच्च्या मालाची आहे, हे कुमारप्पांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. जंगल सरकारचे झाले, की बुरुडाला बांबू दुर्मीळ होतो. कारागिराला कौशल्य शिकविण्याची गरज नसते, ते त्याच्याकडे असतेच. त्याच्या हाताला सामग्री मिळाली पाहिजे. म्हणून जंगलांची व्यवस्था महसुलापेक्षा लोकांच्या गरजेकडे पाहून व्हावी, असे त्यांचे आग्रहाचे मत होते. बांबूच्या टोपलीची किंमत तिच्या विणीवर ठरते, तशी ती जंगलाच्या नियमावरही ठरते. विदर्भातल्या बांबू कारागिरांना या मुद्द्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दुर्दैवाने अहवाल आला त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले, प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि शिफारशी कागदावरच राहिल्या.

पण एक वास्तू उभी राहिली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नागपुरात १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे. अजब बंगला या नावाने ते सर्वांना ठाऊक आहे. शिलालेख, मूर्ती, शस्त्रे आणि जीवसृष्टीचे नमुने अशा अजब गोष्टी पाहायला लोक तिथे जातात. मगन संग्रहालयात अजब असे काहीच नव्हते. चरखे, खादीचे नमुने, ग्रामोद्योगांची हत्यारे आणि त्यांतून तयार होणाऱ्या वस्तू तिथे होत्या. या वस्तू संपून गेलेल्या काळाच्या नव्हेत, त्या आजही कोणी तरी घडवीत आहे आणि आणखी चांगल्या घडवू शकेल, हे पाहणाऱ्याच्या मनावर ठसविणे हा तिचा हेतू होता.

१९३८ मध्येच पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीवर कुमारप्पांची नेमणूक झाली. परंतु तिथला भर मोठ्या उद्योगांवर असल्याचे पाहून ते लवकरच बाहेर पडले. बेचाळीसच्या पर्वात त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणीवर एक आणि ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे दुसरे पुस्तक लिहिले. निसर्गाची जी संपत्ती संपून जाते तिच्यावर उभी राहिलेली व्यवस्था हिंसेकडे नेते आणि जी पुन्हा पुन्हा निर्माण होते तिच्यावरची व्यवस्था टिकते, असा विचार त्यांनी त्यात मांडला. पर्यावरण हा शब्द तेव्हा चर्चेतही नव्हता. दोन्ही हस्तलिखिते वाचून गांधीजींनी आपल्या प्रस्तावनांतून त्यांना धर्मशास्त्राचे आणि ग्रामोद्योगाचे डॉक्टर अशा दोन पदव्या गमतीने बहाल केल्या.

स्वातंत्र्यानंतर मात्र कुमारप्पा एकाकी पडत गेले. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, चीन आणि जपानचा प्रवास केला. पण देशाने पोलाद, धरणे आणि यंत्रे यांचा मार्ग निवडला होता. त्यांच्या विचारातही अडचणी नव्हत्या असे नाही. रॉकेलचा कंदील, गिरणीचे कापड आणि ॲल्युमिनियमचे भांडे खेड्यातल्या माणसानेच आपखुशीने घरात आणले होते. कारण ते स्वस्त होते आणि त्यामुळे श्रम वाचत होते. दळण, कांडण आणि पाण्याचे जड माठ यांचा भार ज्या बायकांवर होता, त्यांना यंत्राची ओढ वाटली, तर तिला मोह म्हणणे अन्यायाचे ठरले असते. पुढे वीज आली आणि मगनदीपाची गरजच संपली. वस्तू मागे पडली. तिने विचारलेला प्रश्न मात्र विजेच्या दिव्यालाही लागू आहे.

वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे आश्रम काढून कुमारप्पांनी काही काळ शेती आणि ग्रामजीवनाचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर ते तमिळनाडूतील कल्लुपट्टी येथील गांधी निकेतनात राहू लागले. वयाच्या ६८ व्या वर्षी, ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. तो गांधीजींचा स्मृतिदिन होता.

त्यांच्यामागे मगनवाडी थांबली नाही. १९५५ मध्ये तिथे ग्रामोद्योगांसाठी संशोधन संस्था सुरू झाली. २००८ मध्ये तिचेच रूपांतर महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्थेत झाले. मगन संग्रहालयाने खादी आणि नैसर्गिक रंगांचे काम पुढे नेले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या माध्यमातून कुंभारकामाला नवे रूप दिले आणि तिथल्या मातीच्या वस्तू दूरवरच्या घरांत पोहोचल्या.

हातकामाला आज शहरात पुन्हा मान मिळतो आहे, त्याला किंमतही येते आहे. ती किंमत कारागिराच्या घरी जाते की मधल्या दुकानाच्या भाड्यात विरते, हे तपासण्याची शिस्त कुमारप्पांनी घालून दिली. मातीचा रांजण कोपऱ्यात शोभून दिसतो म्हणून घेणे त्यांना पुरेसे वाटले नसते. त्यात पाणी भरले जाते का आणि तो फुटल्यावर त्याच कुंभाराकडून दुसरा आणला जातो का, हे त्यांनी विचारले असते. त्यांच्या स्वतःच्या झोपडीत भिंतीवर एका गरीब खेडुताचे चित्र लावलेले असे. पाहुण्यांनी विचारले, की हे आपल्या गुरूचे गुरू आहेत, असे ते सांगत. गांधीजी त्यांचे गुरू होते आणि गांधीजींनी ज्याच्याकडे पाहून आयुष्य बेतले, तो हा माणूस होता. घरात शोभेसाठी त्यांनी ठेवलेली ही एक वस्तू, आणि तिच्याही मागे हिशेब होताच.